गटरातल्या खुणा : एडिटरच्या प्लगइनमध्ये व्हर्जन कंट्रोल कसं सांभाळावं

काही वर्षांपूर्वी मी व्हिमसाठी एक छोटं प्लगइन लिहिलं. काम एवढंच, की शेवटच्या कमिटनंतर फाइलमधली कुठली ओळ बदलली ते डाव्या कडेच्या पट्टीत दाखवायचं. नवी ओळ असेल तर अधिकची खूण, बदललेली असेल तर नागमोडी रेघ, खोडलेली असेल तर उणे. माझ्या लॅपटॉपवर ते झकास चालायचं. मग शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने ते बसवलं आणि दहा मिनिटांत माझ्याकडे आला. "अरे, तुझी पट्टी कोरीच आहे." त्याचा प्रकल्प सबव्हर्जनवर होता. त्याच आठवड्यात दुसऱ्या एकीने सांगितलं, की प्लगइन टाकल्यापासून मधूनच कमिट अडतं. तिसऱ्याची तक्रार, की मराठी नावाच्या फायलींना ते ओळखच देत नाही.

तिन्ही तक्रारी रास्त होत्या, आणि खणत गेल्यावर तिन्हींचं मूळ एकच निघालं. माझं प्लगइन व्हर्जन कंट्रोलला नको इतके प्रश्न विचारत होतं, माणसांसाठी लिहिलेली उत्तरं वाचत होतं आणि वाचता वाचता तिथल्या वस्तू हलवत होतं. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: मोजकं विचारायचं, यंत्राच्या भाषेत विचारायचं, आणि कशालाही हात लावायचा नाही. असं प्लगइन लिहायला घेतलेल्यांसाठी हा नियम उलगडून सांगतो.

त्या डाव्या पट्टीला इंग्रजीत गटर म्हणतात. आपल्या गल्लीतल्या गटाराशी तिचा संबंध नाही, पण या धंद्याची सगळी परिभाषा नळकामातूनच आलेली दिसते. गिटमध्ये आतल्या, पायाभूत कमांडना प्लंबिंग म्हणतात आणि माणसांसाठीच्या गुळगुळीत कमांडना पोर्सलेन, म्हणजे बेसिन-कमोडची चिनीमाती. प्लगइन लिहिणाऱ्याला दोन्हीकडे डोकवावं लागतं.

तीनच प्रश्न

पहिली चूक बहुतेकांची होते ती इथे. आपण गिट वापरतो, म्हणून प्लगइनभर 'गिट डिफ', 'गिट स्टेटस', 'गिट लॉग' पेरत जातो. मग कुणी मर्क्युरिअल मागतं, आणि प्रत्येक ठिकाणी 'जर-नाहीतर' घुसवावं लागतं. सहा महिन्यांनी आपलंच लिखाण आपल्याला ओळखू येत नाही.

त्याऐवजी सुरुवातीलाच ठरवा, की व्हर्जन कंट्रोलला तीनच प्रश्न विचारायचे. ही फाइल तुझ्या ताब्यात आहे का, आणि असल्यास तुझं मूळ फोल्डर कुठलं? या फाइलचा तुझ्याकडचा शेवटचा मजकूर काय? आणि तिची सध्याची अवस्था काय: नवी, बदललेली, संघर्षात अडकलेली, की तुला ठाऊकच नसलेली? प्रत्येक व्यवस्थेसाठी या तीन प्रश्नांची उत्तरं देणारा एक छोटा बॅकएंड लिहायचा. बाकीच्या प्लगइनला गिट की फॉसिल हे कळताही कामा नये.

ही युक्ती नवी नाही. एरिक रेमंड यांनी १९९२ साली ईमॅक्ससाठी व्हीसी हे पॅकेज लिहिलं. आजच्या ईमॅक्समध्ये गिट, मर्क्युरिअल, सबव्हर्जन, सीव्हीएस, आरसीएस अशा प्रत्येक व्यवस्थेची वेगळी फाइल आहे. मुख्य फाइलच्या सुरुवातीच्या टिपणात बॅकएंडने कुठली फंक्शनं द्यायची याची यादी आहे आणि त्यांतल्या सक्तीच्या फंक्शनांपुढे तारा काढलेला आहे. ज्या काळात गिट जन्मलंही नव्हतं (ते २००५ सालचं), तेव्हापासूनच्या पॅकेजात गिट पुढे बसवता आलं, ते असं खोबणीत बसवण्याची सोय होती म्हणून. ते टिपण एकदा वाचाच. लिस्प येत नसलं तरी समजतं.

मूळ फोल्डर शोधताना

उघडलेल्या फाइलच्या फोल्डरपासून वर वर जायचं आणि ओळखीची खूण दिसली की थांबायचं. गिटची खूण डॉट-गिट, मर्क्युरिअलची डॉट-एचजी, सबव्हर्जनची डॉट-एसव्हीएन, जुजुत्सूची डॉट-जेजे. ऐकायला सोपं वाटतं, पण प्रत्येकाची एकेक खोड आहे.

गिटचं डॉट-गिट हे दर वेळी फोल्डर नसतं. सबमॉड्यूलमध्ये आणि वेगळ्या काढलेल्या वर्कट्रीमध्ये ती एका ओळीची साधी फाइल असते आणि खरं फोल्डर कुठे आहे त्याचा पत्ता तिच्यात लिहिलेला असतो. 'डॉट-गिट फोल्डर आहे का' असं तपासलंत, तर वर्कट्री वापरणाऱ्यांची पट्टी कोरी राहणार. म्हणून 'आहे का' एवढंच तपासा आणि पुढचं 'गिट रेव्ह-पार्स'ला विचारा.

सबव्हर्जन १.७ आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०११ पर्यंत, प्रत्येक उपफोल्डरमध्ये आपलं डॉट-एसव्हीएन ठेवायचं. नंतर ते फक्त सर्वांत वरच्या फोल्डरात राहिलं. एखाद्या जुन्या सर्व्हरवर जुनं सबव्हर्जन भेटलं, तर पहिली खूण दिसताच थांबून चालत नाही. फॉसिलची खूण विंडोजवर एका नावाची आणि इतरत्र दुसऱ्याच नावाची असते. पर्फोर्समध्ये तर फोल्डरात अशी खात्रीची खूणच नाही. तिथे 'पी-फोर-कॉन्फिग' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघावा लागतो किंवा सरळ सर्व्हरला विचारावं लागतं.

दोन खुणा एकत्र सापडल्या तर? जवळची खूण जिंकते, हा साधा नियम बहुतेक वेळा पुरतो. पण जुजुत्सू पुष्कळदा गिटच्या शेजारीच नांदतं: एकाच फोल्डरात डॉट-जेजे आणि डॉट-गिट दोन्ही. तिथे अंदाज बांधू नका. प्राधान्यक्रमाची एक सेटिंग वापरणाऱ्याच्या हाती द्या. ईमॅक्समध्ये बॅकएंडच्या नावांची यादी याच कामासाठी आहे. आणखी एक गंमत: पुष्कळ जण आपलं होम फोल्डरच गिटमध्ये ठेवतात. त्यांनी डाउनलोड्समधली कुठलीही फाइल उघडली की वर जाता जाता गिट सापडतं. अशा वेळी दुसरा प्रश्न कामी येतो. फाइलचा शेवटचा मजकूरच मिळाला नाही, तर ती ताब्यातली नाही. गुपचूप बाजूला व्हायचं, लाल अक्षरांत एरर दाखवायची नाही.

तुलना आपण करायची

आता मुख्य मुद्दा. पट्टीतल्या खुणांसाठी 'गिट डिफ' चालवायचा मोह होतो. तो आवरा. डिफ डिस्कवरच्या फाइलशी तुलना करतं आणि तुमचा लेखक तर अजून टाइप करतोय, फाइल सेव्ह केलेलीच नाही. पट्टी दर वेळी एक पाऊल मागे राहते. शिवाय प्रत्येक व्यवस्थेच्या डिफची तऱ्हा निराळी, आणि वापरणाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी रंग किंवा बाहेरचं डिफ-साधन लावलेलं असलं की तुमचं वाचन कोसळलंच.

त्यापेक्षा व्हर्जन कंट्रोलकडून फक्त मूळ मजकूर घ्या आणि बफरशी तुलना स्वतः करा. मूळ मजकूर आणायला प्रत्येकाकडे एकेक छोटी कमांड आहे. गिटमध्ये 'गिट शो', मर्क्युरिअलमध्ये 'एचजी कॅट', सबव्हर्जनमध्ये बेस आवृत्तीचं 'एसव्हीएन कॅट', फॉसिलमध्ये 'फॉसिल कॅट', पर्फोर्समध्ये 'पी-फोर प्रिंट'. सबव्हर्जन मूळ प्रत डॉट-एसव्हीएनमध्येच ठेवतं, त्यामुळे नेट नसतानाही ही कमांड चालते. पर्फोर्स मात्र सर्व्हरकडे जातं. म्हणून मजकूर एकदा आणा, कॅशेत ठेवा आणि टाइप होत असताना त्याच्याशीच तुलना करत राहा. तुलनेसाठी व्हिम, निओव्हिम वगैरेंच्या पोटात डिफची यंत्रणा असतेच. व्हीएस कोडने तर ही कल्पना आपल्या रचनेतच घेतली आहे. तिथल्या सोर्स कंट्रोल एक्स्टेन्शनने एडिटरला मूळ फाइलचा पत्ता द्यायचा असतो, पट्टी रंगवायचं काम एडिटर करतो.

गिटच्या बाबतीत 'मूळ' म्हणजे नेमकं काय, हेही ठरवावं लागतं. शेवटचं कमिट, की इंडेक्स, म्हणजे कमिटसाठी बाजूला काढून ठेवलेला मजकूर? इंडेक्सशी तुलना केली, तर ओळी स्टेज केल्याबरोबर खुणा नाहीशा होतात आणि काय उरलंय ते दिसतं. शेवटच्या कमिटशी केली, तर आजचं सगळं काम दिसत राहतं. दोन्ही मतांचे लोक आहेत. मी इंडेक्स धरतो आणि सेटिंग ठेवतो.

हातात डिफ आला की त्याचं वाचन. संदर्भाच्या ओळी शून्य ठेवल्या, की प्रत्येक बदलाच्या डोक्यावर अशी एक ओळ येते:

@@ -१२,० +१३,२ @@

प्रत्यक्षात आकडे इंग्रजी असतात. इथे देवनागरीत लिहिले आहेत. उण्यानंतरचे आकडे जुन्या मजकुराचे, अधिकनंतरचे नव्याचे. स्वल्पविरामापूर्वी ओळीचा क्रमांक, नंतर ओळींची संख्या. वरच्या उदाहरणात जुन्या बाजूला शून्य ओळी आहेत, म्हणजे बाराव्या ओळीनंतर दोन नव्या ओळी आल्या. तेराव्या आणि चौदाव्या ओळीपुढे अधिकची खूण. नव्या बाजूला शून्य असेल, तर ओळी खोडल्या गेल्यात. संख्या एकच असेल तर स्वल्पविराम आणि एक दोन्ही गाळलेले असतात; इथे कित्येक घाईत लिहिलेले पार्सर आपटतात. आणि फाइलची पहिलीच ओळ खोडली, तर खूण 'शून्याव्या' ओळीवर दाखवायची वेळ येते. अशी ओळ पट्टीत नसते. तेव्हा पहिल्या ओळीवर दाखवा, पण खूण वेगळी वापरा, म्हणजे 'याच्या वरचं गेलं' हे कळेल.

विंडोजवर आणखी एक सापळा आहे. गिटच्या पोटातला मजकूर एका प्रकारच्या ओळशेवटांचा आणि डिस्कवरचा दुसऱ्या, असं बरेचदा असतं. तुलना कच्च्या बाइटांची केलीत, तर अख्खी फाइल बदललेली दिसते आणि पट्टी वरपासून खालपर्यंत रंगते. गिट २.११ पासून 'कॅट-फाइल' कमांडला फिल्टर लावण्याचा पर्याय आहे. तो मजकूर डिस्कवर जसा उतरला असता तसाच देतो. मोठ्या फायलींसाठी एलएफएस वापरणाऱ्यांनाही याचा उपयोग होतो, कारण त्यांच्याकडे कच्चा मजकूर म्हणजे फक्त दोन-चार ओळींची चिठ्ठी असते.

यंत्राच्या भाषेत विचारा

माणसांसाठीचं उत्तर आणि प्रोग्रामसाठीचं उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसांसाठीचं उत्तर पुढच्या आवृत्तीत बदलू शकतं, त्यात रंग असतात, भाषांतर असतं, नावं आखडलेली असतात. म्हणून 'गिट स्टेटस'ला पोर्सलेन हा पर्याय जोडा. नाव उलटं आहे खरं, चिनीमातीच्या नावाखाली इथे स्क्रिप्टसाठीचा पक्का, न बदलणारा साचा मिळतो. मर्क्युरिअलसाठी 'एचजी-प्लेन' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठेवा, म्हणजे वापरणाऱ्याचे रंग, टोपणनावं आणि भाषांतर बाजूला राहतात. सबव्हर्जनला एक्सएमएल मागा.

आता त्या मराठी फायलींची गोष्ट. एका टेस्ट फोल्डरात मी 'पगार' नावाची फाइल केली आणि 'गिट स्टेटस' चालवलं. उत्तरात पगार कुठेच नव्हता. अवतरणचिन्हांत तिरक्या रेघा आणि आकडे होते: ३४०, २४४, २५२ आणि असेच पुढे. हे तीन आकडे म्हणजे एकटा 'प'. देवनागरीतलं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं असतं आणि इंग्रजीबाहेरचा प्रत्येक बाइट गिट मुळात असा अष्टमान आकड्यांत छापतं. माझं प्लगइन ते आकडे हेच फाइलचं नाव समजून डिस्कवर शोधत बसलं होतं. उपाय झेड या एकाक्षरी पर्यायात आहे. तो दिला की नावं जशीच्या तशी येतात आणि दोन नावांच्या मध्ये शून्य बाइट असतो. मर्क्युरिअलमध्ये हेच काम शून्य हा पर्याय करतो. नावात मोकळी जागा, अवतरण किंवा चक्क नवी ओळ असली तरी मग फरक पडत नाही.

मराठीची खास अडचण पुढेच आहे. 'शेतकऱ्यांची यादी' या नावातला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एक अखंड चिन्ह म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मॅकची जुनी एचएफएस-प्लस ही फाइलव्यवस्था नावं सुटी करून साठवायची, म्हणजे अखंड ऱ दिला तरी परत येताना र आणि नुक्ता. लिनक्सवर केलेली फाइल मॅकवर आली, की एडिटर एक नाव सांगणार आणि गिट दुसरं. तेव्हा दोन नावं बाइटांनी ताडून बघू नका. एडिटरने दिलेलं नाव तसंच व्हर्जन कंट्रोलच्या हवाली करा आणि त्यालाच ओळखू द्या. कॅशेसाठी नाव लागलंच, तर आधी दोन्हीकडची नावं युनिकोडच्या एकाच रूपात आणा.

भाषांतराची कटकट टाळायला पुष्कळ जण 'एलसी-ऑल'मध्ये सी घालतात, म्हणजे सगळे संदेश इंग्रजीत येतात. मीही घातलं होतं. गिट खूश झालं, सबव्हर्जन मात्र देवनागरी नाव दिसताच रूपांतर जमत नाही म्हणून अडून बसलं, कारण त्या सेटिंगने अक्षरसंचही इंग्रजीपुरता आक्रसतो. फक्त संदेशांची भाषा बदला, म्हणजे 'एलसी-मेसेजेस'; अक्षरसंच यूटीएफ-८ राहू द्या. त्याहून बरं म्हणजे संदेश वाचूच नका. कमांड यशस्वी झाली की नाही ते तिच्या परतीच्या आकड्यावरून कळतं.

कशालाही हात लावू नका

आता अडणाऱ्या कमिटची तक्रार. 'गिट स्टेटस' ही नुसती बघण्याची कमांड आहे अशी माझी समजूत होती. पण ती जाता जाता इंडेक्स ताजा करून लिहून ठेवते आणि त्यासाठी क्षणभर कुलूप लावते. माझं प्लगइन दर सेव्हला ती चालवायचं. त्याच क्षणी टर्मिनलमध्ये कुणी कमिट केलं, की 'इंडेक्सचं कुलूप आधीच आहे' म्हणून ते नाकारलं जायचं. बिचारीला वाटायचं आपलंच काहीतरी चुकतंय. गिट २.१५ पासून यासाठी 'गिट ऑप्शनल लॉक्स' हा व्हेरिएबल आहे. तो शून्य ठेवला की ऐच्छिक कुलपं लागत नाहीत. पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रत्येक कमांडला तो द्या.

बाकीची पथ्यं थोडक्यात सांगतो. कमांडचे भाग यादी म्हणून द्या, शेलच्या एका ओळीत गुंफू नका. फाइलच्या नावातला अर्धविराम उद्या घात करेल. नावाआधी दोन उण्या रेघा ठेवा, म्हणजे उण्याने सुरू होणारं नाव पर्याय समजलं जाणार नाही. पेजर बंद ठेवा. गिटला टर्मिनलवर पासवर्ड विचारू देऊ नका आणि सबव्हर्जनला नॉन-इंटरॲक्टिव्ह हा पर्याय द्या, नाहीतर कुठल्यातरी न दिसणाऱ्या खिडकीत पासवर्डची वाट बघत प्रोसेस बसून राहते. आपणहून नेटवरून काही ओढू नका. आणि एडिटर स्वतःच 'गिट कमिट'ने उघडलेला असू शकतो, हे लक्षात ठेवा. तेव्हा गिटचे काही व्हेरिएबल एडिटरला वारशाने मिळालेले असतात. दुसऱ्या रेपोतली फाइल उघडताना ते पुसले नाहीत, तर उत्तरं भलत्याच घरची येतात.

सुरक्षेचं एक सांगायलाच हवं. रेपोच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये अशा सेटिंग असू शकतात, की साधं स्टेटस विचारलं तरी एखादा प्रोग्राम चालतो. कुणीतरी दिलेली झिप उघडून आतली फाइल नुसती बघितली आणि प्लगइनने गिट चालवलं, तर तेवढं पुरतं. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या गिट २.३५.२ पासून दुसऱ्याच्या मालकीच्या फोल्डरात गिट काम करायला नकार देतं, ते अशाच धोक्यापायी. तो नकार आला की वापरणाऱ्याला स्वच्छ शब्दांत सांगा. आपल्या मनाने फोल्डर सुरक्षित यादीत टाकून देणारी प्लगइनं मी पाहिली आहेत. कुलूप गंजलंय म्हणून दारच काढून ठेवण्यातला तो प्रकार.

वेग

टाइप करताना एडिटर अडखळला, की वापरणारा आधी तुमचं प्लगइन काढून टाकतो आणि कारण नंतर शोधतो. म्हणून एकही कमांड एडिटरला थांबवून चालवू नका. टाइपिंग थांबल्यावर दोन-तीनशे मिलिसेकंद थांबून तुलना करा. उत्तर येईपर्यंत मजकूर पुढे गेलेला असू शकतो, तेव्हा विचारताना बफरचा बदल-क्रमांक टिपून ठेवा. व्हिममध्ये तो आयता मिळतो. उत्तर आल्यावर क्रमांक जुळला नाही, तर ते फेकून द्या.

कॅशे शिळी कधी होते? कमिट झालं, ब्रँच बदलली किंवा काही स्टेज झालं की. त्यासाठी गिटच्या हेड आणि इंडेक्स या फायलींवर नजर ठेवता येते. पण गिट इंडेक्स जागच्या जागी बदलत नाही. नवी फाइल लिहून जुनीच्या नावावर आणून ठेवतं. तुम्ही जुन्या फाइलवर पहारा बसवला असेल, तर पहिल्याच बदलानंतर तो पहारा रिकाम्या जागेवर उरतो. पहारा फाइलवर बसवू नका, फोल्डरवर बसवा. वर्कट्रीमध्ये हे फोल्डर वेगळं असतं, तेही गिटलाच विचारा. मर्क्युरिअल पायथनमध्ये लिहिलेलं असल्यामुळे प्रत्येक वेळी सुरू व्हायला वेळ घेतं. वारंवार विचारायचं असेल, तर त्याचा कमांड सर्व्हर एकदाच चालू ठेवून त्याच्याशी बोलत राहता येतं.

प्रत्येकाचा स्वभाव

तीन प्रश्न सगळ्यांना समान, पण सगळ्या व्यवस्था समान नाहीत. इंडेक्स ही गिटची खासियत आहे. मर्क्युरिअल आणि सबव्हर्जनमध्ये तशी गोष्ट नाही. पर्फोर्समध्ये फाइल आधी 'एडिट'साठी उघडावी लागते, तोवर सहसा ती फक्त वाचता येते. म्हणून प्रत्येक बॅकएंडने आपल्याला काय जमतं ते जाहीर करावं: स्टेजिंग आहे का, ओळीगणिक लेखक सांगता येतो का, नेटशिवाय मूळ मजकूर मिळतो का. मेनूतल्या गोष्टी त्यावरून दाखवा किंवा लपवा. सबव्हर्जन वापरणाऱ्याला 'स्टेज' हे बटण दाखवून दाबल्यावर एरर देण्यापेक्षा ते न दाखवलेलं बरं. गिटचे शब्द सगळ्यांवर लादू नका. जो ज्या घरचा, त्याच्याशी त्या घरच्या शब्दांत बोला.

याला दुसरी बाजूही आहे. व्हिममध्ये गिटगटर हे प्लगइन फक्त गिट सांभाळतं, सिग्निफाय अनेक व्यवस्था सांभाळतं, आणि दोन्हींना आपापले चाहते आहेत. ईमॅक्समध्ये व्हीसी सगळ्यांसाठी आहे, तरी गिटमध्ये खोलवर काम करणारे मॅजिटकडे वळतात. एकाच व्यवस्थेत खोल उतरणं हाही रास्त निर्णय आहे. फक्त तो जाणूनबुजून घ्या आणि प्लगइनच्या वर्णनात पहिल्याच ओळीत लिहा.

टेस्ट

टेस्टमध्ये बनावट उत्तरं पेरू नका. दर वेळी तात्पुरत्या फोल्डरात खराखुरा रेपो तयार करा. तुमचं स्वतःचं कॉन्फिग त्यात झिरपू देऊ नका, गिट २.३२ पासून जागतिक कॉन्फिगची जागा व्हेरिएबलने बदलता येते. माझ्या यादीत या गोष्टी कायम असतात: एकही कमिट नसलेला रेपो, नवी न जोडलेली फाइल, पहिली ओळ खोडलेली फाइल, शेवटी नवी ओळ नसलेली फाइल, विंडोजचे ओळशेवट, सबमॉड्यूल, वर्कट्री, सिमलिंक, मोकळी जागा असलेलं नाव, उण्याने सुरू होणारं नाव, आणि 'शेतकऱ्यांची यादी'. या शेवटच्या नावाने माझ्या जितक्या चुका पकडल्या, तितक्या बाकी सगळ्यांनी मिळून नाही पकडल्या.

कामाचा क्रम

सुरुवात करताना पहिल्या दिवशी गिटचा बॅकएंड तीन प्रश्नांपुरता लिहा. दुसऱ्या दिवशी त्याला सजवत बसू नका. लगेच सबव्हर्जनचा लिहा, तुम्ही स्वतः ते वापरत नसलात तरी. आपली रचना कुठे गिटच्याच मापाने कापली गेली आहे, ते दुसरा बॅकएंड शिवायला घेतल्याखेरीज कळत नाही. माझ्याकडे तेव्हा चार ठिकाणी 'इंडेक्स' हा शब्द अशा जागी सापडला, जिथे तो असायला नको होता. ते निस्तरल्यावर सबव्हर्जनचा बॅकएंड जेमतेम पन्नास ओळींत बसला. मर्क्युरिअलला तर संध्याकाळचा चहा ते जेवण एवढाच वेळ लागला.

तो पन्नास ओळींचा बॅकएंड शेजारच्या टेबलावर नेऊन बसवला. सहकाऱ्याने एक ओळ टाइप केली, फाइल सेव्ह न करता पट्टीकडे पाहिलं आणि अधिकची खूण उमटल्यावर तो पुन्हा आपल्या कामाला लागला.